आंदणाची डिझेल गाडी

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात मी नवऱ्याचं तोंड पाहिलं नसेल तितकी त्या गाडीची मागची बाजू पाहिली. गाडी ढकलायचं काम माझ्याकडे होतं. नवरा स्टेअरिंग धरून आत बसायचा. त्याच्या शेजारी सासूबाई, पदर डोक्यावर घेऊन, समोर बघत. त्या कधी उतरल्या नाहीत. रस्त्यावरचे एक-दोन जण मदतीला यायचे आणि ढकलता ढकलता माझ्याकडे बघायचे. नव्या बांगड्या, नवं लुगडं आणि हात डिकीवर. गाडी सुरू झाली की पाठीमागच्या नळीतून काळा धूर थेट अंगावर यायचा. मी धावत जाऊन मागच्या सीटवर बसायची, आणि सासूबाई मान न वळवता म्हणायच्या, "बसली का आंदणवाली?"

गाडी माझ्या वडिलांनी आंदण दिली होती. सासरच्यांनी मागितली नव्हती हे खरं. नको असंही कोणी म्हटलं नव्हतं.

सासर नागपुरातल्या जुन्या महाल भागातलं. घराणं राजांच्या काळापासून तिथलंच, पिढ्यानुपिढ्या कारकुनी केलेलं. सासरे नव्हते. नवरा सरकारी कचेरीत होता. आम्ही खाप्याचे, कन्हानच्या काठचे, कपाशी आणि संत्र्यावर जगणारे. मी नागपुरात राहून बी.ए. झाले होते म्हणून स्थळ जुळलं. पण घरात कधी चुकून तोंडून 'मले' निघालं की सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "आमच्याकडे मला म्हणतात."

वडिलांनी ती गाडी कोराडीच्या एका ठेकेदाराकडून घेतली होती आणि दोनेक वर्षं स्वतः वापरली होती. जुनी होती, पण डिझेलवर चालायची, आणि तेव्हा आमच्या भागात डिझेलची मोटार असणं म्हणजे मोठी गोष्ट होती. देताना ते मांडवात सगळ्यांसमोर म्हणाले होते, "माह्या पोरीले मी अशी गाडी देऊन राहिलो, का सेल्फ मारला की लागली. कवाच धोका देनार नाई."

धोका तिने पहिल्याच रविवारी दिला.

हुडकेश्वरला सासूबाईंचा एक प्लॉट होता. तेव्हा तिकडे नुसती शेतं होती, मधेमधे चुन्याचे पट्टे मारलेले. दर रविवारी प्लॉट बघून यायचा, कोणी दगड हलवले नाहीत ना ते पाहायचं, असा घरचा नेम होता. घरून निघताना गाडी लगेच सुरू झाली. प्लॉटवर आम्ही थोडा वेळ थांबलो, परत येऊन नवऱ्याने सेल्फ मारला, तर इंजिन नुसतं फिरत राहिलं. फिरायचं जोरात, पण पेट घ्यायचं नाही. पुन्हा मारला, पुन्हा तेच. शेवटी शेतातल्या गड्यांना हाक मारून ढकलायला लावलं, तेव्हा ती गुरगुरत सुरू झाली.

पुढे हे नेहमीचंच झालं. सकाळी कचेरीला जाताना गाडी सुरू व्हायची. संध्याकाळी कचेरीतून निघतानाही व्हायची. पण कुठे भाजी घ्यायला थांबलो, कोणाकडे चहाला बसलो, की परत निघताना ती हट्टाला पेटायची. नवऱ्याने ती गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाला म्हणाला, बॅटरी. बॅटरी बदलली. मग म्हणाला, सेल्फ. सेल्फ उघडून दुरुस्त केला. मग म्हणाला, इंजिन थंड असताना तापवणारे हीटर गेलेत. तेही बदलले. प्रत्येक वेळी गाडी सकाळी त्याच्या दारात थंड उभी असायची, एका फटक्यात लागायची, आणि तो हात पुसत म्हणायचा, "हो गया, साहेब." प्रत्येक वेळी पुढच्या रविवारी मी हुडकेश्वरच्या धुळीत डिकीला हात लावून उभी असायची.

नवऱ्याचा राग गॅरेजवाल्यावर निघत नव्हता. तो घरी निघायचा. जेवताना तो ताट पुढे सरकवून म्हणायचा, "तुझ्या बापाला माहीत होतं. ठेकेदाराने त्याच्या गळ्यात मारली, त्याने माझ्या."

"माझे वडील खोटं बोलत नाहीत."

"म्हणजे मी बोलतो?"

गाडी बंद पडताना मी स्वतः पाहत होते. आणि वडिलांना मी जन्मापासून ओळखत होते.

दिवाळीनंतर वडील भेटायला आले. सासूबाईंनी त्यांना पाणी देण्याआधी विषय काढला. "व्याही, तुमच्या पोरीला आम्ही नीट ठेवलंय. पण तुम्ही आम्हाला भंगार द्यायला नको होतं."

वडिलांच्या हातात संत्र्यांची पिशवी होती. ती त्यांनी खाली ठेवली. "काय झालं गाडीले?"

नवऱ्याने सांगितलं. वडिलांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "चाबी द्या." आम्ही सगळे खाली गेलो. सकाळची वेळ, गाडी रात्रभर उभी. वडिलांनी बसून सेल्फ मारला. ती लगेच सुरू झाली, घड्याळासारखी. त्यांनी बंद केली, पुन्हा मारला, पुन्हा सुरू झाली. गल्लीतले चार लोक जमले होते. वडील खाली उतरले आणि त्या चौघांकडे बघत म्हणाले, "जवाईबापू, गाडी चालवाले हात लागते. कागद चालवाच्या हातानं हे काम होत नाई."

नवरा लालबुंद झाला. "तुम्ही आत्ता गाडी घेऊन सीताबर्डीला चला, तिथे बंद करून पुन्हा सुरू करून बघा."

"मले काई पाह्याचं नाई. म्या दोन वर्षं चालवली. एक दिवस धक्का मारला असन तर सांगा."

"मग तुम्ही खोटं बोलता."

वडिलांनी किल्ली बोनेटवर ठेवली. माझ्याकडे पाहिलं, जणू मी काहीतरी बोलावं. मी बोलले नाही, कारण मला खरंच कळत नव्हतं की कोण खोटं बोलतंय. ते जेवले नाहीत, चहा घेतला नाही, त्या घराचं पाणीही प्यायले नाहीत. बडकस चौकापर्यंत चालत गेले आणि तिथून रिक्षा केली. संत्री तशीच पिशवीत राहिली. सासूबाईंनी ती मोलकरणीला देऊन टाकली.

त्या दिवसापासून मला त्या गाडीचा, त्या घराचा आणि खरं सांगायचं तर माझ्या वडिलांच्या ताठ्याचाही सारखाच राग येऊ लागला. पण राग येतो तेव्हा माणूस लक्ष देऊन बघतो. ढकलताना माझ्या लक्षात आलं, की नवरा आत बसून सेल्फ मारत असतो तेव्हा मागच्या नळीतून काहीच येत नाही. धूर नाही, वासही नाही. थंड गाडी सकाळी सुरू करताना मात्र पहिल्या फिरण्यालाच पांढरा धूर येतो. म्हणजे तापल्यावर आत डिझेलच जात नसावं. हे मी एकदा जेवताना बोलून पाहिलं. नवरा म्हणाला, "चूप बस. बी.ए. मराठीत केलंय तू."

वैशाखात एका रविवारी आम्ही हुडकेश्वरहून परत येत होतो. वाटेत सासूबाईंना पाणी हवं होतं म्हणून एका विहिरीजवळ थांबलो आणि गाडी तिथेच अडली. ऊन असं होतं की दाराच्या मुठीला हात लावता येत नव्हता. ढकलायला आजूबाजूला कोणी नव्हतं. नवऱ्याने बोनेट उघडलं, रेडिएटरचं झाकण फिरवायला गेला, बोटं भाजली, आणि त्याने शिवी देऊन विहिरीवरून भरून आणलेला पाण्याचा डबा सरळ इंजिनावर ओतून टाकला. फस्स करून वाफ उठली. त्याने चाकाला लाथ घातली. सासूबाई आतून ओरडल्या, "डोकं फिरलंय का तुझं?" तो आत येऊन बसला, थोडा वेळ नुसताच बसून राहिला, मग वैतागून सेल्फ मारला.

गाडी सुरू झाली.

"देवीनेच ऐकलं," सासूबाई म्हणाल्या.

मी बोनेट बंद करायला खाली उतरले होते, तेव्हा आत नीट पाहून घेतलं. पाणी एकाच बाजूला पडलं होतं. बॅटरी आणि सेल्फ दुसऱ्या बाजूला, कोरडे ठणठणीत. ओल्या बाजूला डिझेलचा फिल्टर होता, आणि त्याखाली मुठीएवढा पंप, ज्यातून चार बारीक लोखंडी नळ्या इंजिनात जातात. हा पंप डिझेल आत ढकलतो एवढं मला वडिलांच्या ट्रॅक्टरमुळे माहीत होतं.

पुढच्या रविवारी आम्ही नातेवाइकांकडून परतलो, नवरा जेवून झोपला, आणि मी खुंटीवरची किल्ली घेऊन खाली गेले. गाडी अजून तापलेली होती. सेल्फ मारला, लागली नाही. आधी फिल्टरवर ओला टॉवेल ठेवला, थोडी थांबले, सेल्फ मारला. काही नाही. मग टॉवेल पुन्हा बादलीतल्या पाण्यात बुडवून पंपाला गुंडाळला. उन्हाळ्यात कूलरच्या वाळ्यावर आपण पाणी मारतो तसं वरून थोडं थोडं पाणी सोडत राहिले. मग बसून सेल्फ मारला, आणि गाडी गल्लीभर आवाज करत सुरू झाली.

नवरा बनियनवर धावत खाली आला. "कोणी सांगितलं तुला हात लावायला?"

"दोष पंपात आहे," मी म्हटलं. "पंप थंड केला की लागते."

"इतका वेळ उभी होती, थंड झाली म्हणून लागली. त्यात पंपाचं काय?" त्याने किल्ली काढून घेतली. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आणि त्यामुळेच मला जास्त संताप आला.

मी संधीची वाट पाहिली. ती आषाढाच्या आधी आली, कोराडीला. सासूबाईंचा नवस होता. देवीचं दर्शन झटपट झालं आणि आम्ही गाडीपाशी आलो, तेव्हा तिकडे वीजकेंद्राच्या शिफ्टची माणसं बसची वाट बघत उभी होती. सगळ्यांसमोर नवऱ्याने सेल्फ मारला. इंजिन नुसतं फिरलं. बसच्या रांगेतला एक जण हसून म्हणाला, "साहेब, धक्का देऊ का?"

मी सीटच्या पाठीवरचा टॉवेल ओढून घेतला, सासूबाईंच्या पायाशी ठेवलेल्या कळशीत बुडवला आणि खाली उतरून बोनेट उघडलं.

"आत बस," नवरा दात आवळून म्हणाला.

मी ऐकलं नाही. टॉवेल पंपावर ठेवला, कळशीतलं पाणी हळूहळू त्यावर सोडलं. रांगेतली माणसं जवळ आली. "आता मारा," मी म्हटलं. तो मारेना. "लोक बघताहेत. मारा."

त्याने मारला. गाडी सुरू झाली. रांगेतला तो माणूस म्हणाला, "बाईनं बरोबर पकडलं."

मला वाटलं होतं, आता निदान एक शब्द तरी निघेल. नवऱ्याने गाडी रस्त्यावर घेतली, आणि थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "म्हणजे पंपच सडका दिला तुझ्या बापाने. तूच दाखवून दिलंस."

सासूबाई म्हणाल्या, "स्वतःच्या हाताने."

मी वडिलांना खोटेपणाच्या आरोपातून सोडवायला निघाले होते. उलट त्यांच्याविरुद्धचा पुरावाच मी त्या दोघांच्या हातात ठेवला होता. कोराडीपासून महालापर्यंत मी खिडकीबाहेर, वीजकेंद्राची राख पडलेली झाडं बघत बसले.

डिझेलचे पंप दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात नवरा मला मुद्दाम घेऊन गेला. दुकानदार खेकसणारा माणूस होता. त्याने पंप खोलून आतला फिरणारा भाग प्रकाशात धरला. त्यावर ओरखडे होते. "घिसला आहे. डिझेल गरम झालं की पातळ होतं, फटीतून परत जातं, पुढे दाब येत नाही. ढकलली की इंजिन जास्त जोरात फिरतं, मग कसंबसं जातं. कचरा पाजला आहे याला कोणी. कुठलं डिझेल टाकता?"

"आम्ही पेट्रोल पंपावरून भरतो," नवरा म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "तुमच्याकडे कुठून टाकायचे?"

"ड्रममधून," मी म्हटलं. "शेतावरच्या."

"तळाचा गाळ," दुकानदाराने मान हलवली. नवरा हसला. लग्नानंतर त्याला इतकं मनापासून हसताना मी प्रथमच पाहत होते.

हे वडिलांना दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून मी दुसऱ्या दिवशी एसटीने खाप्याला गेले. वडील ओसरीत बसून विळ्याला धार लावत होते. मी सगळं सांगितलं. ते धार लावत राहिले.

"कोनं सांगतलं हे?"

"पंप खोलनाऱ्यानं. म्या सोता पाह्यला, बाबा."

"अन् तू आयकून घेतलं. माह्या ड्रमातलं डिझेल टॅक्टर पेते, पानी ओढाचं इंजन पेते. त्यायले काहून नाई होत काही?"

"टॅक्टर दिवसभर चालतेच. बंद करून लगेच कोन सुरू करते? तुमी गाडी सकाळी काढत होते, वावरात दिवसभर झाडाखाली उभी राहे, संध्याकाळी थंडी झाली का घरी. तिले गरम असताना तुमी कवा सेल्फ मारलाच नाई. तुमी खोटे नाई, बाबा. पन गाडी बिघडलेली होती."

त्यांचा हात थांबला. "म्हंजे माह्या हातानं बिघडली."

त्यांनी विळा खाली ठेवला.

"तू आता त्यायची झाली," ते म्हणाले. "त्यायच्या बाजूनं बोलून राहिली माह्या ओसरीत बसून."

"म्या कोनाच्याच बाजूनं बोलून नाई राहिली!"

"मंग जा. यष्टी निघून जाईन तुही."

आई आतून जेवायला बोलावत होती. मी जेवले नाही. मीही तशी त्यांचीच मुलगी.

पंप दुरुस्त झाला. गाडी तापलेली असो की थंड, एका सेल्फात लागू लागली. घरात कोणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सासूबाईंनी टोमणे माझ्या स्वयंपाकाकडे वळवले.

हिवाळ्यात नवऱ्याच्या चुलतभावाचं लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत मी वाढत होते आणि नवरा पानावर बसून शेजारच्या पाहुण्याला गाडीची गोष्ट सांगत होता. "गॅरेजवाल्यांनी लुटलं हो मला. शेवटी मीच दिमाग लावला. पंपावर ओला टॉवेल टाकून पाहिला, म्हटलं बघू. तर लागली."

माझ्या हातात वरणाचं भांडं होतं. मी ते खाली ठेवलं.

"तुम्ही नाही," मी म्हटलं. "टॉवेल मी टाकला होता. तुम्ही मला आत बसायला सांगत होता."

पंगत थांबली. पाहुणा पानातल्या वांग्याच्या भाजीकडे बघू लागला. नवरा म्हणाला, "वरण वाढ." मी वाढलं. पुढच्या पानावर गेले, त्याच्या पुढच्याही पानावर वाढलं.

परत यायला आम्ही गाडीत बसलो. मग नवरा एकदम फुटला. "चारचौघांत माझी लाज काढलीस. बापावर गेलीस अगदी. ड्रम, डिझेल, आणि तोंड!"

मी काही म्हणायच्या आत पुढून सासूबाईंचा आवाज आला. त्या समोर बघतच बोलत होत्या. "टॉवेल तिनेच टाकला होता. मी होते तिथे. कळशी माझी होती."

नवरा त्यांच्याकडे बघत राहिला.

"रस्त्याकडे बघ," त्या त्याला म्हणाल्या. मग मान किंचित माझ्याकडे वळवली. "पण खरं असलं तरी बाईने पंगतीत बोलायचं नसतं."

"मग कुठे बोलायचं, आई?"

त्यांनी मान पुन्हा समोर वळवली. त्या हयात होत्या तोवर या विषयावर पुन्हा बोलल्या नाहीत. माझ्या बाजूने त्या बोलल्या तेवढ्याच एकदा, आणि त्याच दमात मला बोल लावला. मला त्यांचे आभार मानावेसे वाटले नाहीत. आजही वाटत नाहीत.

माझ्या मुलीच्या बारशाला वडील आले, एसटीने. नवऱ्याने त्यांना नमस्कार केला, त्यांनी तो घेतला. दोघं दोन भिंतींना पाठ लावून बसले. निघताना मी म्हटलं, मी आता गाडी चालवते, स्टँडवर सोडते. ते चपला घालत होते. "चालवते का?" त्यांनी विचारलं. "हो, बाबा." त्यांनी मान हलवली, मुलीच्या हातात एक नोट ठेवली, आणि पायी निघाले. मी गॅलरीतून बघत होते. गल्लीत गाडीजवळून जाताना ते थांबले नाहीत.